नाव

रुवीत, मशिदीच्या मागच्या गल्लीत,
खुबूसवाला आणि घड्याळदुरुस्तीच्या मधोमध
आमचं दुकान. अकरा फूट रुंद.
पाटी रंगवणारा म्हणाला, अरबीत 'प' नाही.
तेव्हा पाटील गेले, बातील आले.
हे म्हणाले, परवाना मंजूर होतोय ना? मग बास.

समोर कराटेचे ड्रेस, तायक्वांदोची छातीकवचं,
मुलांच्या दातांची रबरी कवचं
(गरम पाण्यात मऊ करून मापाला बसवून देतो, ते फुकट).
आणि मागच्या भिंतीला
जे सहसा कोणी मागत नाही ते:
यांनी तासलेल्या, तेल पाजलेल्या लाठ्या,
चामड्याच्या मुठीचे फरी-गदके,
माझे पट्टे.

एका पट्ट्याला आठ शिवणी.
सहाही चालतात.
सियालकोटहून येणाऱ्यांना चारच असतात
आणि ते दीड रियालला जातात.
मला विचारतात, आठ कशाला?
काय सांगू. सातव्या शिवणीला कापड हट्ट सोडतं,
आठवीला ऐकायला लागतं.
हे गिऱ्हाइकाला हिंदीत सांगता येत नाही.

एकदा वकिलाचा एक कारकून
पाटी वाचून हसला होता.
'बातिल' म्हणजे रद्द, म्हणाला. खोटं. कोर्टात न टिकणारं.
मग लिपीतला फरक त्यानंच समजावला,
दोन्ही 'त' वेगळे वगैरे,
पण हसून झालं होतं.

काळा पट्टा विकायचा नाही, हा यांचा नियम.
काळा फक्त यांच्या हातून,
परीक्षेनंतर, घामेजल्या पोराच्या कमरेला.
गेल्या गुरुवारी एक माणूस आला.
मुलाचा वाढदिवस, काळा हवा, वर सोनेरी नाव.
किती वर्षं शिकतोय?
शिकत नाही हो, फोटोपुरता.
हे घुब्राला क्लास घ्यायला गेले होते.
भाडं तीन तारखेला.
मी विकला.
बारा रियाल, पाचशे बैसा सुटे नव्हते, तेही सोडले त्यानं.

रात्री सांगितलं.
हे काही बोलले नाहीत.
झाडलेलं दुकान पुन्हा झाडलं.
शटर ओढताना मी पाटी वाचली,
उजवीकडून डावीकडे, बोट ठेवून,
जशी पहिलीतली मुलगी.

मग परवा खल्फान आले, खसबचे,
हातात त्यांच्याकडची ती काठी, टोकाला चिमुकली कुऱ्हाड.
नातवाला दातांचं कवच हवं होतं.
पाणी उकळेपर्यंत लाठी उचलून तोलली,
म्हणाले, चांगली आहे, पण डोकं नाही हिला.
माझा पट्टा नखानं उलटा केला.
शिवणी मोजल्या. ओठांनी, आवाज न करता.
मग बाहेर जाऊन पाटीकडे बघून आले.

बातील? आमच्याकडे तशी नाव असते.
जुनी, लांब मानेची.
बाकी अंगाला खिळे मारतात,
पण टोकाला, जिथे लाट पहिली लागते,
तिथे खिळा चालत नाही.
तिथे शिवतात.
सुंभानं.
माझा बाप शिवायचा.

नाव, मी मनात म्हटलं.
बाकी कुठल्या भाषेत
हे दोन अर्थ एका दमात बसतात, मला माहीत नाही.
खल्फान लाठी न घेताच गेले,
कवचाचे पैसे मात्र घासाघीस न करता दिले.

यांना सांगितलं सगळं, जेवताना.
यांनी भाकरी मोडली, बराच वेळ चावली.
पाणी आत येत नाही ना? मग बास.
आणि थोड्या वेळानं, ताटाकडे बघत,
त्या पोराचा पत्ता घेतलायस का?
नव्हता घेतला.

सकाळी काळं कापड मशीनखाली सरकवलं.
पाचव्या शिवणीला दोरा तुटला.
उसवून
पहिलीपासून.