बांधकामाचा प्रकार

फॉर्मवर तीनच चौकोन: कच्चे, अर्धपक्के, पक्के.
खाण सरकत येतेय भद्रावतीकडून,
म्हणून मी घरं मोजते.
एकेचाळीस झाली. तेवीस उरलीत.

पोचीराम येलमुले सोबत दिलाय ग्रामपंचायतीनं,
कुत्री हाकलायला.
तो कुत्र्यांकडे बघतच नाही.
तळहात ठेवतो भिंतीवर,
ताप आलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"हे सगळ्यात जुनं, बाई. नदीचे गोटे, न फोडलेले.
हाती आले तसे रचले. घाईत होता माणूस,
बायको दिवसात असंल.
हे त्याच्या मागचं. दगड फोडला,
पण टाकी चालली फक्त तोंडावर.
मंधात माती हाये, ते नुसती बसाले.
दगडाले दगडच धरते."

मी लिहिते: मातीची जोडाई. अर्धपक्के.

मालगुजाराच्या घराला चुना.
दरजा इतक्या बारीक की नख जाईना.
मी पक्केवर खूण करते तर तो मला मागं नेतो.
मागं नुसता भराव, कपच्या, विटांचे तुकडे,
एक फुटकं जातंसुद्धा.
"पैसे समोरचेच भेटले असतीन."

मग गावाच्या पार टोकाला, शेवग्याखाली,
जनाबाई खोब्रागडेंची एक खोली.
चुना नाही. चारी बाजू घडीव.
पोचीराम वाकतो, घावांवरून बोट फिरवतो,
उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडून.
"मालगुजाराकडं बी हेच घाव. उलटे उतरते.
डावखुरा होता."
कोण?
"कोनाले मालूम.
पन इथं त्यानं मागची भित बी सोडली नाई."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: डावखुरा.
मग खोडलं. तालुक्याला कोण वाचणार.
चौकोन तसाच कोरा.

"आन् हा आरपार दगड," तो म्हणाला.
"दोनी तोंडं बांधून ठेवते."
बाहेर नाकाएवढा पुढे आलेला.
आत जाऊन पाहिलं:
त्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला
नातवाचं दप्तर लटकत होतं,
पट्टा घासून तिथे दगड काळा, गुळगुळीत.

जनाबाई म्हणाल्या, चहा ठेवते.
मी फीत गुंडाळली.
पुन्हा उलगडली.
उंची घ्यायची राहिली होती.