बाक

जिल्ह्याहून टेम्पो आला तेव्हा
अख्खी शाळा फाटकात.
चौदा बाक. लोखंडी सांगाडा, वर पिवळट सनमायका.
कुठल्या इयत्तेच्या मापानं केले, कुणाला ठाऊक.
माझ्याकडे पहिली आणि दुसरी.
कागदावर विद्यार्थी एकाच उंचीचा असतो.

मी डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली:
बाक, नग चौदा, स्थिती चांगली.

त्या दिवसापासून वर्गात एक आवाज राहायला आला.
टक्. टक्‌टक्. टक्.
लोंबकळणाऱ्या पायांच्या टाचा
आडव्या दांडीवर आपटायच्या,
पाढ्यांच्या मधेमधे.
मुद्रिका केंद्रे लिहायला लागली की
हनुवटी कडेवर, खांदे कानांशी,
जसं कुणी भिंतीपलीकडे डोकावतंय.
अंजुम उभ्यानंच लिहायची.
"बस गं" म्हटलं की बसायची
आणि बसली की दिसायची नाही.

मी काय केलं? ओरडले.
"ताठ बसा. पाठ सरळ."
दिवसाकाठी वीसेक वेळा, दोन वर्षं.
लेकरं क्षणभर ताठ व्हायची
आणि पुन्हा वाकायची,
दुपारच्या उन्हात मान टाकणाऱ्या
कोवळ्या सोयाबीनसारखी.
मराठी शिकवते मी, तरी ध्यानात आलं नव्हतं:
शाळेला आला तो बाक,
पाठीला येतो तोही बाक.

गुंडेराव पांचाळ फाटकाची कडी वेल्डिंग करायला आला होता.
कंधार रोडला त्याचं दुकान.
ट्रॉल्या, पेरणीयंत्रं, मांडवाचे खांब.
खिडकीतून बघत राहिला.
"मॅडम, ह्यांचे पाय काहून लोंबायलेत?"
मला वाटलं, लेकरांवर चिडलाय.
तो बाकावर चिडला होता.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आला.
एकेकाला भिंतीशी उभं करून
गुडघ्यापासून टाचेपर्यंत मापलं,
बिडीच्या पाकिटावर लिहून घेतलं.
मुद्रिका, साडेअकरा.
अंजुम, अकराला दोन सूत कमी.
बाकाची बैठक, सतरा.
"सहा-सहा इंच हवेत शिकायलेत लेकरं," म्हणाला,
आणि हसला नाही.

सरकारी माल कापायचा?
रात्री मी रजिस्टर तीनदा उघडलं.
नग आहे, किंमत आहे, शेरा आहे.
उंचीचा रकाना नाही.

दिवाळीच्या सुटीत कटर चालला.
ठिणग्या पार व्हरांड्यापर्यंत.
पाय कापले, आत दुसरा पाइप सरकवला,
इंचाइंचावर भोक, भोकात पिन,
पेरणीयंत्राची खोली बदलतात तशी.
"बी किती खोल टाकायचं ते रान सांगतं,
कंपनी न्हाई."
पैशाचं विचारलं,
तर फाटकाच्या बिलात दोनशे वाढवले. बास.

उंचीप्रमाणे जोड्या लावाव्या लागल्या.
जिवाच्या मैत्रिणी वेगळ्या झाल्या,
दोन दिवस नुसती रडारड.
आणि मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं,
जसं घरातलं घड्याळ बंद पडावं.
मग कळलं. टक् टक् नाही.
छप्पन्न तळवे फरशीवर टेकलेले.
अंजुम बसली होती
आणि दिसत होती.

तपासणीला साहेब आले. बोटानं मोजले.
"चौदा. ठीक."
चहा घेऊन गेले.

अजून मी सवयीनं म्हणते, "ताठ बसा,"
मग माझीच पाठ सरळ करते.
माझ्या खुर्चीचं माप कुणी घेतलेलं नाही.

जूनमध्ये मुद्रिका धावत आली,
वर्गात शिरायच्या आधीच ओरडली,
"मॅडम, मी एक भोक वाढले!"
पिन काढली, वर लावली.
सगळ्यांना आपापली भोकं मोजायची होती.

नऊ नंबरची पिन गंजलीय, हलत नाही.
त्यावरचा साईप्रसाद रोज विचारतो.
गुंडेरावला निरोप धाडलाय.