दोन पट्ट्या

रात्री साडेअकराला, पुन्हा.
पडद्यावर पांढरी चौकट:
अमुक सूचनेनं तमुक पत्त्यावरची मेमरी मागितली,
ती वाचता आली नाही.
पत्ता आठ अंकी, मध्येच एखादं अक्षर.
लोकमान्य नगरात एवढा लांब पत्ता कुणाचाच नाही,
तरी आमचं टपाल दिघ्यांकडे जातं.

क्लासच्या नववीचा पेपर अर्धा.
‘सिद्ध करा की’, आणि पुढे काही नाही.

मी वहीत रकाने आखलेत:
तारीख, वेळ, काय उघडं होतं.
मंगळवार, पेपर आणि नलूची पत्रिका.
शुक्रवार, नुसता पेपर.
रविवारी काहीच नाही, मशीन एकटं बसलं होतं,
तरी.

नलूचं म्हणणं, अष्टमात शनी.
माझं म्हणणं, तिचा कुंडल्यांचा प्रोग्रॅम.
जुना आहे, दुसऱ्याच्या खोलीत चपला घालून शिरत असणार.
प्रत्येकाला आपली खोली नेमून दिलेली असते आत,
भलतीकडे हात घातला की राखणदार
कधी त्या एकट्याचं बकोट धरून बाहेर काढतो,
कधी साऱ्या घराची लाईट घालवतो.

मी तो प्रोग्रॅम काढून टाकला. तिला न सांगता.
तीन दिवस ती कागदावर घरं आखत होती, ओठ मिटून.
चौथ्या रात्री सगळा पडदाच निळा.
तिनं पाहिला, आणि पोळ्या लाटायला गेली.
त्या दिवशी पोळ्या फार पातळ झाल्या होत्या.

सिल्व्हर मॉलमधला चौकसेंचा मुलगा
मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला,
‘आंटी, रॅम निकालके रबर से घिसो.’
रबर?
‘हाँ, वही. पेन्सिलवाला.’

छत्तीस वर्षं शिकवलं मी,
खोडरबरानं पुसलं जातं.
आठवण परत येते, हे कुठल्याच इयत्तेत नव्हतं.

दिवाणावर जुना टॉवेल, त्यावर दोन पट्ट्या:
हिरवी, मशीनबरोबर आलेली,
काळी, मागाहून नलूच्या पैशांनी घेतलेली.
त्यांचे सोनेरी दात घासत बसलो,
ती काळीचे, मी हिरवीचे,
चुरा फुंकरीनं उडवत.
बऱ्याच दिवसांनी एका दिव्याखाली.

मग रात्रभर तपासणी.
हिरवी एकटी: सात फेऱ्या, एकही चूक नाही.
काळी एकटी: नऊ फेऱ्या, तीही स्वच्छ.
दोघी शेजारीशेजारी लावल्या
आणि पहाटे चारला उठून पाहते तर
पडदाभर लाल ओळी,
मी मुलांच्या वह्यांत मारते तशा.

‘कंपनी अलग, टाइमिंग अलग,’ चौकसे म्हणाला,
‘दोनों बढ़िया हैं आंटी. बस, साथ में नहीं.’
नलू बाजूलाच उभी होती.
तिनं पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.
महू नाक्याच्या सिग्नलला, रिक्षात,
एकशेवीसपासून शून्यापर्यंतचे आकडे
आम्ही दोघींनी नीट पाहिले.

सध्या आत हिरवीच आहे.
मशीन चालतं, म्हणजे रांगतं.
पत्रिका उघडेपर्यंत चहाला उकळी येते.
(प्रोग्रॅम मी परत टाकला. तेही न सांगता.)
काळी माझ्या कंपासपेटीत,
फडक्यात गुंडाळून, खोडरबराला लागून.

काल साडेअकरा झाले, बारा झाले.
काही नाही. पेपर पुरा झाला, प्रमेयासकट.
दारात नलू, हातात दोन कप.
‘एकदा लावून बघायची का गं तिला?
जागा बदलून?’

मी वही ओढली. तारीख घातली, वेळ घातली.
काय उघडं होतं, तो रकाना तसाच ठेवला.
ती कप टेकवून पेचकस शोधायला गेली,
एकेक खण उघडत,
माझेसुद्धा.