झोपेची वही

वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते:
नऊ चाळीस ते दहा पाच.
साडेबारा ते... पुढे पेन घसरलंय,
मीच झोपले असणार.

अजनीच्या या क्वार्टरमध्ये
हिशेब दोघांच्या झोपेचा ठेवावा लागतो.
सुगतची रात्र कधी बल्लारशाच्या रनिंग रूममध्ये,
कधी इटारसीच्या.
लॉबीतून कॉल येतो पहाटे दोनला, दुपारी चारला,
तो उठतो, डबा मागतो, मोजे शोधतो.
आणि उत्पला, चार महिने अकरा दिवस,
तिला कुठल्या लॉबीतून कॉल येतो
मला अजून कळलेलं नाही.

ढाकुलकर मावशी म्हणाल्या,
"टाळूले तेल लाव, मंग पाह्य पोट्टी कशी झोपते."
लावलं.
तेल माझ्या बाहीला, उशीला, मोबाइलच्या काचेला.
पोट्टी टक्क जागी.
पवनीहून आईचा फोन: दिवसाची रात्र झाली तिची,
दुपारी झोपूच देऊ नको.
नाही दिलं.
संध्याकाळी अशी रडली
की वरच्या मजल्यावरचा कुकर शिट्टी द्यायचा थांबला.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
खिडकीत कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास,
पंपाला जुना खोकला:
आठ-दहा श्वासांनी एकदा घर्र, मग पुन्हा पाणी.
त्या आवाजाखाली तिला मांडीवर घेऊन बसते.
पायाला मुंग्या.
तिच्या पापणीआड काहीतरी पळतं,
ओठ दूध पितात, दूध नसताना.
आता ठेवू?
डोकं आधी. नाही, पाय आधी.
बांगड्या केव्हाच काढून साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकल्यात.
दाराला चिठ्ठी चिकटवली, बाळ झोपलंय.
सिलिंडरवाल्यानं ती वाचली
आणि वाचली हे सांगायला बेल दाबली.

काल तीन दहाला लाइट गेली.
कूलर थांबला.
इतकं शांत झालं की यार्डात
कपलिंग लागल्याचा ठण् आवाज घरात आला,
आणि त्याच्याही आधी ती उठली होती.
आवाजानं नाही.
आवाज गेल्यानं.

सुगत नुकताच दारात, डोळे लाल,
दहा तासांची ड्यूटी अंगावर.
म्हणाला, "आमच्या गाडीतबी तसंच असते.
चालून राहिली तोवर अख्खा डबा घोरते.
सिग्नलले उभी केली का
एकेक मुंडकं खिडकीबाहेर, काहून थांबली बावा?"

मग तिला खांद्यावर घेतलं,
आंघोळ नाही, बूट तसेच पायात,
आणि तोंडानं कूलर झाला.
खरंच. पाणी, पाणी, घर्र. पाणी.
पंपाचा खोकलासुद्धा जागच्या जागी.
मी हसू दाबायला उशी चावली.

लाइट कधी आली माहीत नाही.
जाग आली तर दोघं सतरंजीवर,
तिची मूठ त्याच्या कॉलरमध्ये,
एक बूट निघालेला, एक तसाच.
खिडकीतला कूलर सुरू होता
आणि झोपेतही सुगत, हळूच,
त्याच्या मागोमाग घर्र म्हणत होता.

वही ओढली. घड्याळाकडे बघितलं नाही.
लिहिलं: तिघं.
सुरुवात ठाऊक नाही.
'ते'च्या पुढची जागा मोकळी सोडली,
पेनाला टोपण लावलं,
तोच उत्पलाचा डावा पाय हलला.