दर रविवारी राजधानी

नागपूरहून सकाळी साडेसातला निघतो.
सतरा सीट, एक स्टेपनी, पाण्याचे दोन कॅन.
मनसर मागे पडलं की कुणीतरी विचारतंच,
"ड्रायव्हर, राजधानी अजून किती लांब?"
मी म्हणतो, आलीच.
खोटं नाही ते.

नगरधनला चिंचेखाली गाडी लावतो.
तिथे पुस्तकला मोहनकार उभी असते,
गळ्यात ओळखपत्र, पायात मुलाचे कॅनव्हासचे बूट,
हातात छत्री, ऊन असो नसो.
छत्रीच्या टोकानं ती इतिहास दाखवते.

"आधी किल्ला पाहून घ्या, फोटो काढून घ्या,
म्हंजे मन शांत होईन.
हा नंतरचा हाय. आपली राजधानी याच्याहून गंज वर्साची."

मग ती त्यांना मिरचीच्या वावरात नेते,
धुऱ्यावर एकामागे एक उभं करते
आणि म्हणते, "हे पाहा."
लोक पाहतात.
मिरची आहे. एक बगळा आहे.
लांबवर कुणाची तरी मोटार चालू आहे.
"कुठे?"
"तुमच्या बुटाखाली. हलू नका एक मिनिट."

चार हिवाळे ती खोदकामावर होती, रोजीनं.
दिवसभर चाळणी धरायची,
सांजेला हापशीवर खापरं धुवायची
दात घासायच्या ब्रशनं, एकेक करून,
आणि सासू दारातून ओरडायची,
"घरचे भांडे पडले, अन् हे मेलेल्यायचे घासत बसली!"
इथे लोक हसतात. ती थांबते, हसू देते.
मी अकरा वेळा ऐकलंय,
अकराही वेळा हसलोय.

"राजा कुठे बसायचा?" एखादं पोरगं विचारतं.
"आमच्या खड्ड्यात राजा नाही निघाला बाप्पा.
राख निघाली. हाडकं निघाली. चुलीची जागा निघाली,
अन् एक फुटकी हंडी, बुडाले काजळी धरलेली.
रानी जेवली का नाही, मले ठाऊक नाही.
पन कोनंतरी भात करपवला होता, हे पक्कं."

खड्डे बुजवले त्या दिवसाचं ती सगळ्यांना सांगत नाही.
एकदा टायर पंक्चर झालं, मंडळी सावलीला गेली,
तेव्हा पान्हा हातात देता देता मला सांगितलं.
तळाशी प्लॅस्टिक अंथरलं होतं. साहेबांनी त्यावर
त्या सालचं नाणं ठेवलं,
पुढे कुणी खोदलं तर कळावं
की इथवर आम्ही आलो होतो.
सगळे चहाला गेल्यावर
तिनं मनगटातली एक हिरवी बांगडी वाढवली
आणि तुकडा नाण्याशेजारी टाकला.
"कायले?" म्हटलं.
"साहेबाचं नानं निघन, अन् आपलं काईच नाही?
त्याइले बी काई तं घासाले पायजे."

रात्री सगळ्यांना घरोघरी सोडून मी गाडी झाडतो.
केळीची सालं, वेफरच्या पुड्या, एक कानातलं,
आणि मॅटवर काळी माती, बुटांचे साचे धरून आलेली.
अर्धा किलो तरी भरेल राजधानी.
ती मी दारातल्या कढीपत्त्याला घालतो.

मागच्या रविवारी सीट नंबर नऊखाली
खापराचा तुकडा सापडला, रुमालात गुंडाळलेला.
चोरी की विसर, देव जाणे.
नऊवर बँकेतले कुणी बसले होते,
परतताना खिडकीबाहेरच पाहत होते.
आठवडाभर तो डॅशबोर्डवर राहिला
गणपतीशेजारी, डिझेलच्या पावत्यांवर.
ब्रेक मारला की सरकायचा.

आज गाडी लावली आणि तिच्या हातात दिला.
कुठून आणला, तिनं विचारलं नाही.
अंगठ्यानं कड चाचपली, उन्हाकडे धरला.
"काठ हाय. हंडीचा."
मग छत्री काखेत मारून
मिरचीच्या वावरात लांब भिरकावला
आणि नव्या सतरा जणांकडे वळली,
"चला जी, आधी किल्ला पाहून घ्या."