बावीस

डिस्कच्या कडेवर कोरलंय : किमान बावीस.
मायक्रोमीटर म्हणतो, बावीस पूर्णांक चार.

लेथवर चढवली तर चरे जातील,
पायाखालची थरथर जाईल,
आणि उरेल बावीसला टेकलेलं लोखंड.

"मार की एक हात," तुर्दुबेक म्हणतो,
"नवी जोडी ओशहून यायची कधी?"
बाहेर व्हॅन. टपावर कांद्याची पोती,
आत नऊ माणसं, एक झोपलेलं.

ताल्दिकचा उतार मला ठाऊक आहे.
लोखंड तिथं निळं पडतं.
पातळ झालेलं, ते एवढी धग
ठेवणार कुठं?

लेथ बंदच ठेवते.
माझ्या व्हॅनखाली जॅक सरकवते.
तिच्या डिस्क जुन्याच, पण पंचवीस भरतात.

"आणि तू घरी कशी जाणार?"

पाना दे, म्हटलं. तो नव्हे, एकोणीसचा.