डावा पाय

कीनन ल्यूकस, लेफ्ट बॅक, उंची पाच-अकरा,
जन्म पर्थ.
पडद्यावर एवढंच येतं.
त्याचा डावा पाय भुसावळचा आहे,
हे पोलंडच्या त्या क्लबला कुणी कळवलेलं नाही.

मी कळवू शकलो असतो.
मी यादव नेहेते, लोको शेडचा फिटर, निवृत्त;
रेल्वे संघाचा गोली, त्याच्याही आधी निवृत्त.

त्याचा आजा डेरिक मेल ड्रायव्हर.
ड्यूटीवरून उतरला की दात तेवढे पांढरे,
बाकी सगळा कोळसा.
बूट काढून मैदानात यायचा,
मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत, अनवाणी.
म्हणायचा, "नेहेटी, जमीन तापली की पाय खोटं बोलत नाही."
तीन पावलं. मग एक अर्धं,
इंजिन डब्यांना लागण्याआधी जरासं अडखळतं तसं.
आणि चेंडू माझ्या डाव्या हाताला, खाली, खांबाला चाटून.
चौदा वर्षांत मी तो दोनदा अडवला.
त्यातल्या एकदा त्याला ताप होता.

अठ्ठ्याहत्तरला ते गेले.
आठ पेट्या, तीन मुलं, एक शिलाई मशीन.
पियानो फैजपूरच्या केळीवाल्यानं घेतला,
अजून त्याच्यावर देवांचे फोटो मांडलेले आहेत.
गाडी हलली तेव्हा डेरिक खिडकीतून एवढंच म्हणाला,
"डावीकडे जरा लवकर पड."

नातवाची कारकीर्द मी टाइमटेबलसारखी वाचतो.
पर्थहून सुटला एकोणिसाव्या वर्षी.
हॉलंडमध्ये दोन मोसम, खालच्या वर्गात.
तिथून लोनवर ग्रीसच्या एका बेटावर.
सुनेला वाटलं, पोरानं कर्ज काढलं.
म्हटलं, नाही गं, डेप्युटेशन.
मला नव्हतं का सहा महिने इगतपुरीला धाडलं,
पगार मूळ ठिकाणचा, धूळ नव्या ठिकाणची.
बेटावर गुडघा गेला.
अकरा महिने साइडिंगला.
तेव्हा मी रोज त्याचं नाव टाकायचो
आणि मोबाइल भलतेच ल्यूकस काढून दाखवायचा,
एक दाताचा डॉक्टर, एक वारलेला पाद्री.
मग पोलंड. बर्फ. बराचसा राखीव बाकावर.
देशाच्या पिवळ्या जर्सीत एकदाच, अठरा मिनिटं.
चेंडू पायाला लागला नऊ वेळा.
मी मोजलं.

काल रात्री दीड वाजता, गच्चीत, बाजेवर,
मोबाइल तांब्याला टेकवलेला.
त्याचा शेवटचा सामना. वय चौतीस,
क्लब पुढं ठेवणार नाही म्हणे.
पेनल्टी मिळाली, तर कप्तानानं चेंडू आणून त्याच्या हातात दिला,
निघणाऱ्याला वाटेसाठी भाकर बांधून द्यावी तसा.

त्यानं मोजे वर ओढले. मागं गेला.
एक. दोन. तीन.
आणि ते अर्धं.

समोरचा गोली विशीतलं पोरगं,
त्याला काय ठाऊक.
मला ओरडायचं होतं, पण कुणाला तेच ठरेना.
पोरा, घाल, आजाच्या जागी घाल.
पोरा, डावीकडे पड, लवकर पड.
गोल्यांची जात एकच असते, भो.

मी पडलो.
बाजेवरून, डावीकडे, शहात्तराव्या वर्षी.
तांब्या गेला, मोबाइल गेला, माठ वाचला.
सून खालून ओरडली, "काय पडलं हो बाबा?"
म्हटलं, काही नाही. अडवला.

अंधारात हाताला मोबाइल लागला तो पालथा,
आतून हजारो माणसं ओरडत होती.
गोल झाला की हुकला,
पोलंडच्या ओरडण्यावरून समजत नाही.
मी तो लगेच उलटा केला नाही.
खाली यार्डात इंजिन मालगाडीला लागलं,
आणि तो खडखडाट डब्यामागून डबा
थेट गार्डाच्या डब्यापर्यंत गेला.
तेवढा जाऊ दिला.